वसतिगृह, कॉट बेसिस की आत्याचं घर?

माझी मामेबहीण माजलगावहून पुणे विद्यापीठात एम.ए.ला येतेय. प्रवेश नक्की झाल्याचं सांगायला फोन केला आणि दुसऱ्याच वाक्याला विचारलं, "ताई, पण राहू कुठं?" अभ्यासक्रम, प्राध्यापक, परीक्षा, यातलं काही नाही. बरोबरच आहे तिचं. मी याच विद्यापीठात दोन वर्षं काढली आणि तिन्ही प्रकारे राहून झालं: आधी हडपसरला आत्याकडे, मग गोखलेनगरात कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीतल्या एका खाटेवर, शेवटी वसतिगृहात. तिला चार-पाच फोनांत तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे एकत्र लिहिते.

तीन पर्याय एका रांगेत मांडलेत आणि त्यातला एक उचलायचाय, असं सगळ्यांनाच वाटतं. तसं नसतं. वसतिगृहाची यादी प्रवेश आटोपल्यावर लागते, गुणांप्रमाणे लागते, आणि तोवर तास सुरू झालेले असतात. तुम्ही मात्र आई-बाबांसोबत बॅगा घेऊन वाकडेवाडीच्या एसटी स्थानकावर त्याआधीच उतरलेले असता. म्हणून पहिला प्रश्न असा: सुरुवातीचे दीड-दोन महिने कुठे काढायचे, आणि त्या घाईत कशावर सही करायची नाही?

आणखी एक खात्री आधी करून घ्या. तुमचा विभाग नेमका कुठे भरतो? विद्यापीठाचं आवार गणेशखिंडीत, 411 एकरांचं. पण परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावर. शिवाय "पुणे विद्यापीठात आहे" म्हणणारे कितीतरी जण खरं तर संलग्न महाविद्यालयांत असतात, आणि ती पुणे, नाशिक, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांत पसरलेली आहेत. त्यांना विद्यापीठाच्या आवारातलं वसतिगृह नसतं, आपापल्या महाविद्यालयाकडेच अर्ज करायचा. माझ्या ओळखीच्या एकाने औंध रस्त्याला खोली ठरवली, आगाऊ पैसे दिले, आणि मग कळलं की वर्ग डेक्कनला आहेत.

आत्याचं घर

सुरुवात इथून करते, कारण बहुतेकांची खरी सुरुवात इथूनच होते. आत्या, मामा, चुलतभावाचे सासरे, कुणीतरी पुण्यात असतंच. भाडं नाही, डिपॉझिट नाही, घरचं जेवण, आणि गावाकडे आईला रात्री झोप लागते. आमच्या आत्याने तर वाद संपवूनच टाकला होता: "माझं घर असताना पोरगी बाहेर राहिली तर लोक मला काय म्हणतील?"

पैसे वाचले. तास गेले. हडपसरहून मनपाला, म्हणजे महापालिकेजवळच्या बस स्थानकाला यायचं, तिथून औंधकडची दुसरी बस धरायची, विद्यापीठ चौकाची कोंडी पार करायची आणि मुख्य दरवाज्याशी उतरून विभागापर्यंत चालत जायचं. सगळं जमून आलं तर दीड तास. जाऊन-येऊन तीन. महिन्याला 24 दिवस धरले तर 72 तास होतात, म्हणजे अख्खे तीन दिवस आणि तीन रात्री मी बसमध्ये उभी होते. भाड्याचं ओझं फार नाही. जून 2025 मध्ये पीएमपीएमएलने, म्हणजे शहराच्या बससेवेने, तिकिटं आणि पास वाढवले, तरी विद्यार्थ्यांचा मासिक पास 750 रुपयांवरच ठेवला. पण पास काढला म्हणून बस वेळेवर येत नाही.

नातेवाइकांचं घर मेट्रोच्या जवळ असेल तर हिशोब बदलतो. स्वारगेट किंवा पिंपरीकडून शिवाजीनगरला थेट गाडी आहे. कोथरूडकडून वनाझच्या मार्गाने आलात तर जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून एकच स्थानक. तिथून पुढे गणेशखिंड रस्त्याने बस किंवा शेअर रिक्षा. हडपसरला आमच्या नशिबी ही सोय नव्हती.

खरी अडचण मात्र अंतराची नसते, ती संध्याकाळची असते. तास संपतात दुपारी तीन-चारला. त्यानंतरच विद्यापीठ खऱ्या अर्थाने उघडतं. जयकर ग्रंथालयात बसणं, ललित कला केंद्रातला प्रयोग, आवारातल्याच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतलं एखादं खुलं व्याख्यान, अनिकेत कँटीनला चहावर रंगलेली भांडणं. मी सहाच्या आत निघायचे, कारण आठला आत्या दारात उभी. ती कधी रागावली नाही. नुसती विचारायची, "झाला का गं उशीर?" त्या एका वाक्यापायी मी पहिल्या सेमिस्टरमध्ये एकही संध्याकाळ आवारात काढली नाही.

कॉट बेसिस

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते: इथे खोली भाड्याने मिळण्याआधी खाट मिळते. एका खोलीत तीन किंवा चार कॉट, प्रत्येकीचं भाडं वेगळं, कपाटाचा एक कप्पा आणि खिडकीचा जो काय वाटा येईल तो. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत हा धंदा जुना आहे. विद्यापीठाच्या दृष्टीने मात्र गोखलेनगर, मॉडेल कॉलनी, औंध रस्ता, खडकी, बोपोडी, पाषाण इथे शोधा. पेठांत खोल्या जास्त, ओळखी जास्त, पण स्पर्धा परीक्षेवाल्यांची गर्दी तिथेच. रोज विद्यापीठात यायचं असेल तर पेठेत राहणं म्हणजे आत्याच्या घराची छोटी आवृत्ती, आणि वर भाडं.

मी गोखलेनगरात जी जागा घेतली तिथे घरमालकीणबाई वर राहायच्या. पहिली भेट अशी झाली:

"स्वयंपाक करणार का गं?"

"नाही काकू, मेस लावणार."

"मग बरं. चहासुद्धा नाही हं खोलीत. पाणी सकाळी सहा ते आठ. दार दहाला बंद. आणि मैत्रिणी आल्या तर खालीच बोलायचं."

हे सगळं पहिल्याच दिवशी सांगणाऱ्या काकू चांगल्या. जे सगळ्याला "चालेल, चालेल" म्हणतात, तेच पुढे त्रास देतात. त्याआधी एक जागा मी दलालामार्फत घेतली होती, त्याला एक महिन्याचं भाडं मोजलं. मालक गोड बोलायचा. सोडताना 7,000 च्या डिपॉझिटमधून 4,000 "रंगकामाचे" म्हणून कापले. भिंतीला ओल माझ्या आधीपासून होती, पण माझ्याकडे ना फोटो होता ना कागद.

म्हणून कागदाचं जरा सविस्तर सांगते. पुण्यात राहायचा करार साधारण 11 महिन्यांचा, 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात तो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55 प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे माहीत असलेली मुलगी आणि माहीत नसलेली मुलगी, दोघींशी मालक वेगळं बोलतो. मी अनुभवाने सांगते. कॉट बेसिसवर बरेच जण करार करतच नाहीत, नुसती वहीत नोंद. निदान डिपॉझिट ऑनलाइन भरा, म्हणजे बँकेत खूण राहील. पहिल्या दिवशी भिंती, नळ, गादी, वीज मीटरचा आकडा यांचे फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा, तारीख आपोआप राहते. आणि करारात 'लॉक-इन' हा शब्द आहे का ते बघा, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी जागा सोडता येत नाही. सहा महिन्यांचं लॉक-इन असेल आणि मध्येच वसतिगृहाला नंबर लागला, तर एक तर डिपॉझिट सोडा नाहीतर वसतिगृह. वर जे म्हटलं की घाईत कशावर सही करायची नाही, ते हेच.

मेसचं थोडक्यात. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचं जेवण, रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे खास जेवण, आणि रविवारी रात्री बंद. ती रविवारची रात्र पुण्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या खर्चात वेगळी धरावी लागते. लावण्याआधी विचारायचा प्रश्न चवीचा नाही, खाड्यांचा आहे: गावी गेलं तर किती दिवसांचे खाडे मिळतात आणि आधी किती दिवस सांगायचं? दिवाळीच्या महिन्यात यावरच हजारभर रुपये इकडचे तिकडे होतात. लावण्याआधी दोन दिवस पैसे देऊन जेवून बघा, त्यातला एक दिवस सोमवार असू द्या, म्हणजे फीस्टनंतरचं रोजचं जेवण कळेल.

वसतिगृह

तिन्हींत स्वस्त हेच, यात वाद नाही. पण मला विचाराल तर स्वस्ताई हा त्याचा दुसरा गुण. पहिला गुण म्हणजे रात्री ग्रंथालयातून उठलं की चालत खोलीवर. आवारात झाडी दाट, रस्ते लांब. ब्रिटिशांच्या काळी गव्हर्नर पावसाळ्यात राहायला यायचे त्या मुख्य इमारतीवरून पुढे जाताना रात्री एकटीला भीती वाटेल असं आई म्हणायची. प्रत्यक्षात सोबतीला कायम कुणी ना कुणी असतंच. 'कमवा व शिका' योजनेतलं काम करायचं असेल तरी आवारात राहणाऱ्यालाच ते झेपतं. सकाळी दोन तास काम करून दहाच्या तासाला बसायचं, हे हडपसरहून कसं जमणार?

तोटेही सांगते. खोलीतली सोबत तुम्ही निवडत नाही. खोलीत स्वयंपाक करता येत नाही. वर्ष संपलं की खोली रिकामी करायची, मग उन्हाळ्यात प्रकल्प असो वा इंटर्नशिप. आणि नंबर लागेलच याची खात्री कुणी देत नाही.

नंबर लागला नाही की एक शब्द कानावर येतो: पॅरासाइट. ज्याच्या नावावर खोली आहे त्याच्या खोलीत गुपचूप राहणारा जादाचा विद्यार्थी. पुण्यातल्या वसतिगृहांत हा शब्द इतका रुळलाय की लोक स्वतःची ओळखही तशी करून देतात. करू नका. तपासणी झाली तर तुम्ही बाहेर जाताच, पण ज्या मैत्रिणीने जागा दिली तिचीही खोली धोक्यात येते.

अर्ज करताना एक चूक हमखास होते. आत्याकडे राहताना सोयीसाठी आधारवर पुण्याचा पत्ता टाकला जातो. मग कागदोपत्री तुम्ही स्थानिक होता, आणि वसतिगृह असो की शासकीय योजना, स्थानिकांचा विचार मागे पडतो किंवा होतच नाही. पत्ता गावचाच राहू द्या. स्थलांतर प्रमाणपत्र (दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर), शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास: सगळं गावाहूनच काढून आणा. तहसीलच्या एका कागदासाठी माजलगावची फेरी मारली की दोन दिवस गेले.

पैशांचं गणित

माझे आकडे देते, तुमचे थोडे पुढे-मागे होतील. कॉटचे 3,500, मेसचे 3,200, म्हणजे 6,700. रविवारची रात्र, बस, झेरॉक्स, मोबाइल धरून आठ हजारांच्या आत कधी भागलं नाही.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो. पुण्यासाठी वर्षाला 60,000: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वयम् योजना आहे, आणि इतर मागास व भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पण निवासाचे 20,000 बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला 1,667 रुपये होतात, आणि कॉट आहे 3,500 ची. शिवाय रक्कम महिन्याच्या महिन्याला हातात येईल या भरवशावर खोली ठरवू नका. पहिल्या काही महिन्यांचं भाडं घरून येईल असं धरूनच चाला. भाड्याचा कागद इथेही कामाला येतो, वहीतल्या नोंदीने भागत नाही.

घरची परिस्थिती बेताची असेल तर विद्यार्थी साहाय्यक समितीकडे जरूर चौकशी करा. डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये सुरू केलेली ही संस्था खेड्यातून आलेल्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. अर्ज आणि मुलाखत असते, शिस्तही कडक. पण खेड्यातून एकटी आलेली, पुण्यात कुणी ओळखीचं नसलेली मुलगी मला विचारेल, तर मी कॉट बेसिसच्या आधी हेच नाव सांगेन.

मग बहिणीला काय सांगितलं?

यादी लागेपर्यंत आत्याकडे. आत्याला पहिल्याच दिवशी सांगायचं की दोन महिन्यांसाठी आलेय, म्हणजे निघताना कुणाचं मन दुखावत नाही. हे मी सांगितलं नव्हतं आणि निघाले तेव्हा आत्या दिवाळीपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. नंबर लागला तर डोळे मिटून वसतिगृह. नाही लागला तर चालत जाता येईल अशा अंतरावर कॉट, मग ती पाचशे रुपयांनी महाग असली तरी. लांबची स्वस्त खोली घेऊ नको, ते पाचशे बस खाते आणि संध्याकाळही जाते. आत्या तुमच्या विभागापासून अर्ध्या तासावर राहत असेल आणि रात्री नऊला परतलेलं तिला चालत असेल, तर मात्र कुठेच हलू नका. अशी आत्या फार थोड्यांना असते.

काल पुन्हा फोन आला. कुकर आणू का, बादली आणू का, गादी आणू का? काही आणू नको म्हटलं, बादली-मग इथे कोपऱ्यावर मिळतात आणि कुकर कुठेच चालणार नाही. एक चांगलं कुलूप आण, दोन किल्ल्यांचं. एक किल्ली आत्याकडे ठेव.