उद्यम नोंदणी पोर्टल: नवख्या फोटोग्राफरसाठी कितपत कामाचं?

साताऱ्यात लग्न, बारसं, डोहाळजेवणाचे फोटो काढायला लागले तेव्हा लेन्स कुठली घ्यावी यावर सल्ले द्यायला सगळे पुढे होते. धंदा कागदोपत्री कसा उभा करायचा, हे विचारलं की उत्तर एकच: "एजंटला दे, तो बघेल." मी एजंट न गाठता केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर, म्हणजे लहान-मध्यम धंद्यांची नोंद होते त्या संकेतस्थळावर, स्वतःच नोंदणी केली. या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी त्याबद्दल लिहितेय.

सगळ्यात आधी हे ध्यानात घ्या की ही नोंदणी फुकट आहे, एक रुपयाही लागत नाही. पण शोधायला गेलं की सरकारीच वाटावीत अशी खासगी संकेतस्थळं समोर येतात. तिरंगी पट्टी, सरकारी थाटाचा फॉर्म आणि शेवटी 'फी'. ओळखीतल्या एका मुलानं असे पैसे भरले आणि त्याला मिळालं तेच सर्टिफिकेट, जे मला फुकटात मिळालं. पहिली सुपारी मिळण्याआधीच पोराच्या खिशातून पैसे जातात, याचा मला मनापासून राग येतो. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे की नाही, तेवढं बघाच.

आधारला जोडलेला मोबाइल हाताशी ठेवा, ओटीपी त्यावर येतो. पॅन, पत्ता, बँक खातं, कामाला किती माणसं, एवढं भरायचं. कागद एकही जोडावा लागत नाही. एकट्याचा धंदा असेल तर प्रकार 'प्रोप्रायटरी'. जीएसटी नंबर विचारतात, पण सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे तो लागत नाही; 'नाही' निवडून पुढे जाता येतं.

माणूस अडतो तो एनआयसी कोडपाशी, म्हणजे आपला धंदा कुठल्या प्रकारचा ते सांगणाऱ्या सरकारी क्रमांकापाशी. 'सर्व्हिसेस' निवडलं की लांबलचक यादी उघडते. त्यात 74 क्रमांकाच्या विभागात जा, तिथे 7420 हा फोटोग्राफीचा गट आहे. दुसरी अडचण 'प्लांट अँड मशिनरी'च्या रकान्याची. हे शब्द वाचून कारखानाच डोळ्यांपुढे येतो, पण आपल्यासाठी तिथे कॅमेरा, लेन्स, फ्लॅश, कॉम्प्युटर यांची किंमत येते. हे तिथल्या तिथे सोप्या भाषेत लिहिलं असतं, तर निम्मे लोक एजंटकडे गेलेच नसते. पोर्टलचा एक गुण मी इथेच कापते.

गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद, मात्र वेगळा, तो राज्याचा. 2017 च्या कायद्यानुसार आपल्यासारख्या एकट्यानं धंदा करणाऱ्याला परवाना काढावा लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची. स्टुडिओ थाटणार असाल तर पाटी मराठीत, देवनागरीत हवी. करंट खातं उघडताना बँक धंद्याचे दोन पुरावे मागते. गुमास्ता आणि उद्यम, दोन्ही तिथे एकत्र कामी येतात.

पण या सर्टिफिकेटचं खरं मोल मला कळलं ते पैसे अडकले तेव्हा. एका कंपनीच्या कार्यक्रमाचे फोटो दिले आणि बिल नुसतं "बघतो, करतो"वर लोंबकळत राहिलं. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. मी बिलावर उद्यम क्रमांक आणि या तरतुदीची एक ओळ घालून ते पुन्हा पाठवलं. तक्रारीची वेळच आली नाही, पैसे जमा झाले. मात्र नोंदणी काम घेण्याआधी झालेली असू द्या. नंतर केली तर या हक्कावरून वाद निघू शकतो.

ड्रोन उडवणार असाल तर त्याचे नियम वेगळे, 250 ग्रॅमच्या वरच्या ड्रोननं धंदा करायचा तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं.

फोटोंच्या मालकीबाबत मात्र उद्यमचा काही उपयोग नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक तोच. म्हणून माझ्या करारपत्रात आता लिहिलेलं असतं: "फोटोंचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. कुटुंबाला घरगुती वापरासाठी ते छापण्याची, पाठवण्याची पूर्ण मोकळीक आहे. जाहिरातीसाठी कुठलाही फोटो वापरण्याआधी कुटुंबाची परवानगी घेतली जाईल." अ‍ॅडव्हान्स घेताना मी हे मोठ्यानं वाचून दाखवते. मुलीच्या फोटोंसाठी आधी विचारलं जाणार म्हटल्यावर आईवडील लगेच सही करतात.