खाऱ्या पाण्याच्या गावात नवी गाडी: धुवायची कशी आणि वरून लावायचं काय?

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात गावातली कोणतीही दोन-तीन वर्षं जुनी काळी किंवा गडद निळी गाडी जरा बाजूने पाहा. बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. बाभळीच्या फांदीचा ओरखडा एकटा आणि लांब असतो. या रेघा शेकडो असतात. त्या रस्त्याने पाडलेल्या नसतात, रोजच्या पुसण्याने पडलेल्या असतात.

दिवाळीत आमच्याकडे ज्यांनी गाड्या घेतल्या, ते सगळे एकच विचारतात: घरी धुवावी की तालुक्याला न्यावी, आणि शोरूमवाला म्हणतो ते कोटिंग, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर, करावं का? मी दर्यापूर तालुक्यात राहतो, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणी खारं आहे त्या भागात. गडद निळी गाडी आहे, बहुतेक वेळ अंगणात उघड्यावर उभी असते. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी एक आकडा ध्यानात ठेवा. कंपनीतून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. डोक्याचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो. या थरांतला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट जेमतेम 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. चमक त्याचीच, आणि ऊन अंगावर घेणाराही तोच. ओरखडे काढायला कंपाउंड, म्हणजे बारीक खरखरीत पेस्ट, घासतात तेव्हा प्रत्यक्षात हा थर थोडा उतरवून सपाट करतात. तो परत वाढत नाही. म्हणून कोणतीही पद्धत निवडताना मी एकच गोष्ट पाहतो: धूळ अंगावर असताना रंगाला हात किती वेळा लागतो?

फडका

या कसोटीवर सगळ्यात वाईट पद्धत तीच, जी घरोघरी चालते. सकाळी उठायचं, जुन्या बनियनचा किंवा पिवळा फडका घ्यायचा आणि गाडी पुसायची. हिवाळ्यात तर विशेष, कारण रात्री दव पडलेलं असतं, गाडी आयतीच ओली असते आणि पुसायला सोपी जाते. पण दवाने धूळ वाहून जात नाही, नुसती चिकटते. तिच्यात आपली काळी माती असते, पांदण रस्त्याचा मुरूम असतो, क्रशरच्या गिट्टीची भुकटी असते. दगडाची ती भुकटी क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. फडक्याच्या घडीत तिचे चार कण अडकले की पुढची सगळी गाडी त्या चार कणांनी घासली जाते. एकदा ओल्या दवात बॉनेट पुसा आणि फडका पांढऱ्या बशीत पिळून पाहा. पाणी स्थिरावलं की बशीच्या तळाशी बोटाला खरखर लागते. तेच आपण रंगावर फिरवलेलं असतं.

धुळीने भरलेल्या काचेवर आणि डिक्कीवर पोरं बोटाने नावं लिहितात, त्यानेही हेच होतं. नाव धुतलं जातं, पण उन्हात तिरपं पाहिलं की अक्षरं तशीच दिसतात. पोरांना रागावू नका, एकदा जवळ बोलावून दाखवा.

काही जुने ड्रायव्हर फडक्याला डिझेलचा हात लावून पुसतात. तासभर गाडी झकास दिसते. मग त्या तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते आणि दाराच्या रबरांचं नुकसान होतं ते वेगळंच. हे नकोच.

म्हणजे गाडी धुळीने भरलेली असेल आणि धुवायला वेळ नसेल, तर तशीच राहू द्या. काचा आणि आरसे तेवढे पाण्याने साफ करा. बसलेली धूळ रंगाचं काही बिघडवत नाही, घासलेली बिघडवते.

तालुक्याचं वॉशिंग सेंटर

याचे दोन मोठे फायदे आहेत. प्रेशरचं पाणी असतं आणि गाडी रॅम्पवर चढते. पावसाळ्यात शेताच्या वाटेने गेलेल्या गाडीच्या चाकांच्या कमानीत, खालच्या पत्र्याला काळी माती अशी थापली जाते की घरच्या पाइपाने निघत नाही. ती महिनोन्महिने ओल धरून ठेवते आणि गंज तिथूनच लागतो. हे काम सेंटरचंच.

तोटा हाताळण्यात आहे. तालुक्याच्या एका सेंटरवर मी पहिली दोन वर्षं गाडी देत होतो. एकदा थांबून पाहिलं, तर ज्या स्पंजने आधीच्या गाडीची चाकं घासली, तोच बादलीत बुडवून माझ्या छतावर फिरवला. त्याआधी तो खाली सिमेंटवर पडलेला होता. बॉनेटवरची बहुतेक जाळी तिथली. शिवाय फेस जास्त तीव्र असेल तर गाडीवर चमकेसाठी लावलेलं वॅक्स (मेण) त्यातच उतरतं.

म्हणून आता मी सांगतो, "भाऊ, खालून धुवा, वरून नुसतं पाणी मारा, पुसू नका." पैसे तेवढेच द्यावे लागतात, पण पुसण्यासाठी मी घरचा टॉवेल नेतो. प्रेशरची तोटी रंगापासून हातभर तरी लांब असावी. जिथे रंग उडालेला आहे किंवा गावातल्या पेंटरकडून टचिंग केलेलं आहे, तिथे जवळून मारलं तर पापुद्रा उचलला जातो.

घरी, दोन बादल्या

एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पत्रा वरून खाली सरळ धुवायचा, मग साध्या पाण्याच्या बादलीत तो खळबळून माती सोडायची आणि पुन्हा शाम्पूत. छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, सगळ्यात शेवटी खालचा भाग. चाकांना वेगळी बादली आणि वेगळा कपडा. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, ती अल्कधर्मी असते. भांड्यांचा साबणही नको, तो तेलकटपणा काढण्यासाठीच बनलेला आहे, गाडीवरचं वॅक्सही काढतो.

पण खरं काम बादल्यांच्या आधीचं. हात लावण्यापूर्वी जितकी माती पाण्याने सुटेल तितकी सोडवायची. आपल्याकडे यासाठी एक उत्तम साधन घरोघर आहे: पाठीवरचा 16 लिटरचा फवारणी पंप. त्यात पाणी आणि थोडा कार शाम्पू घालून गाडी खालून वरपर्यंत भिजवायची, चार-पाच मिनिटं सावलीत मुरू द्यायची, सुकू द्यायची नाही, आणि मग साध्या पाण्याने धुवायची. पहिल्यांदा हे केलं तेव्हा शेजारचे काका विचारायला आले, "काहून भाऊ, गाडीवर फवारा मारून राह्यले काय?" आता ते स्वतःच्या गाडीला तेच करतात. मात्र औषध किंवा तणनाशक मारलेला पंप कधीच घेऊ नका. गाडीपेक्षा तुमच्या हाताचा, श्वासाचा आणि अंगणात खेळणाऱ्या लेकरांचा प्रश्न आहे. यासाठी पंप वेगळाच ठेवा, त्यावर रंगाने खूण करा.

माझ्या मते रंगासाठी चारही पद्धतींत ही सगळ्यात सुरक्षित. तासभर जातो आणि चार-पाच बादल्या पाणी लागतं.

एका बादलीत, पाणी न ओतता

रिन्सलेस वॉश नावाचं द्रव मिळतं. बादलीभर पाण्यात थोडंसं टाकायचं, प्रमाण बाटलीवर असतं. त्यातले पॉलिमर मातीच्या कणाभोवती निसरडा थर धरतात, त्यामुळे कण घासला न जाता कपड्यात उचलला जातो. नंतर धुवायची गरज नाही, लगेच कोरडं पुसायचं. एप्रिल-मेमध्ये, जिथे टँकर येतो तिथे, हीच पद्धत शहाणपणाची. एका बादलीत गाडी होते.

अट एक: गाडीवर नुसती धूळ असावी. चिखल असेल, सोयाबीनच्या मळणीचा भुसा चिकटला असेल, तर आधी पंपाने भिजवून तो उतरवलाच पाहिजे. चार-पाच मायक्रोफायबर कपडे घ्या, चौघडी करा आणि प्रत्येक पत्र्याला स्वच्छ बाजू लावा. मळलेली बाजू परत बादलीत बुडवू नका.

पाणी

आता आपल्या भागाची खरी अडचण. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं. पट्ट्याबाहेरही विदर्भात अनेक ठिकाणी ते जड आहे. थेंब सुकतो, पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतात. मेच्या दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, तिथे हे काही मिनिटांत होतं. पांढरी वर्तुळं आधी नुसती वर बसलेली असतात, पण उन्हात दिवसेंदिवस राहिली की क्लिअर कोटमध्ये उतरतात आणि मग धुऊन जात नाहीत.

म्हणून धुण्याची वेळ सूर्य उगवायच्या आत, किंवा दिवस मावळल्यावर पत्रा हाताला थंड लागला की. सगळी गाडी एकदम ओली ठेवायची नाही, एक बाजू धुवायची, लगेच पुसायची. शेवटचं पाणी गोडं असेल तर निम्मं काम झालं. आमच्याकडे आरओचा 20 लिटरचा कॅन घरी येतोच, त्यातलं पाच-सात लिटर मी वेगळ्या डब्यात ठेवतो आणि शेवटी मगाने वरून हळूहळू सोडतो. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीखाली ड्रम ठेवा. पहिल्या एक-दोन पावसांत पत्र्यावरची घाण येते, ती जाऊ द्या. नंतरचं पाणी गाडीसाठी सगळ्यात उत्तम.

ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन कपडा भिजवायचा, मिनिटभर डागावर ठेवायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचं. सावलीतच.

वरून काय लावायचं?

कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. लावायला सोपं, गडद रंगावर खोल चमक देतं. ते साधारण 82 ते 86 अंशांना वितळतं. आपल्या उन्हाळ्यात हवाच 45 अंशांच्या घरात, उघड्यावरचा गडद पत्रा त्याहून कितीतरी तापतो. माझ्या गाडीवर हिवाळ्यात ते दोन महिने टिकतं, उन्हाळ्यात काही आठवडेच. हौस असेल तर दसऱ्याला लावा.

सिंथेटिक सीलंट पॉलिमरचं असतं. चमक थोडी कोरडी वाटते, पण उष्णता सोसतं आणि घरी अर्ध्या तासात लागतं. मी होळीनंतर एकदा आणि पावसाळा संपला की एकदा लावतो, तेवढं पुरतं. उघड्यावर उभ्या गाडीसाठी माझी पसंती याच डब्याला.

सिरॅमिक कोटिंगबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, त्यामुळे थोडं सविस्तर. ते काही वर्षं टिकू शकतं, माती सहज सुटते, पक्ष्याची विष्ठा लगेच खात नाही. हे फायदे खरे आहेत. पण जाहिरातीतलं 9एच हे पेन्सिलीच्या कठीणपणाचं माप आहे. त्याचा अर्थ दगडाचा किंवा काट्याचा ओरखडा उठणार नाही असा नाही. कोटिंगआधी रंग मशिनने पॉलिश करतात, म्हणजे क्लिअर कोट काही मायक्रॉन उतरतो, ही मोजण्यासारखी किंमत. आणि खारपाणपट्ट्यासाठी तिसरी गोष्ट महत्त्वाची: कोटिंगवर पाण्याचे उंच गोल थेंब उभे राहतात. शोरूममध्ये ते दाखवून मन जिंकतात. पण खाऱ्या पाण्याचा असा थेंब उन्हात सुकला की क्षार एकाच ठिकाणी गोळा होऊन घट्ट डाग पडतो, आणि कोटिंगवरही तो पडतो. ज्यांच्याकडे नळाचं गोडं पाणी आहे, वर छप्पर आहे आणि गाडी पाच-सहा वर्षं ठेवायची आहे, त्यांनी खुशाल करावं. बोअरवर धुणाऱ्याने आणि उघड्यावर उभी करणाऱ्याने ते पैसे शेडसाठी ठेवावेत.

शेड म्हणजे पत्रेच हवेत असं नाही. चार बल्ल्या आणि वर हिरवी शेडनेट एवढ्यानेही ऊन बरंच तुटतं. बॉडी कव्हर मात्र गावात घेऊ नका, असं मी ठामपणे सांगतो. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं आणि वैशाखाचा वारा सुटला की कव्हर दिवसभर फडफडत तीच धूळ रंगावर घासतं. फडक्याने महिन्यात होणारं नुकसान ते दोन दिवसांत करतं. स्वच्छ धुतलेली गाडी, बंद जागा आणि महिनाभर चालवायची नाही, तेवढ्यापुरतं ठीक.

कडुनिंबाखाली किंवा आंब्याखाली गाडी लावत असाल तर दोन गोष्टी. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट पाक पडतो आणि त्यावर धूळ बसते, तो दोन दिवसांत धुवा. पक्ष्याची विष्ठा दिसली की ओला कपडा पाच-दहा मिनिटं वर ठेवून नरम करा आणि उचला, खरडू नका. उन्हात ती तासाभरातही खूण सोडते.

नव्या गाडीचा रंग कारखान्यात भट्टीत पक्का झालेला असतो, त्यामुळे सीलंट पहिल्या आठवड्यातही चालेल. एखादा पत्रा बाहेर रंगवून घेतला असेल तर त्यावर निदान महिना, शक्यतो दोन महिने काहीच लावू नका. आतला थिनर उडून जायला वाट हवी.

कोणी बजेट विचारलं तर मी आधी कपड्यांवर खर्च करायला सांगतो: एक हातमोजा, पुसण्यासाठी जाड लोकरीसारखे दोन मोठे मायक्रोफायबर टॉवेल आणि चार लहान. ते घरच्या सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, मऊपणाचं द्रव घालू नका. वाळत घालताना कुंपणावर टाकू नका, गवताची कुसळं त्यात अशी रुततात की हाताला लागत नाहीत, पत्र्यावर मात्र रेघ ओढतात. दोरीवर, सावलीत वाळवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. टॉवेल एकदा अंगणात मातीवर पडला की तो गाडीच्या रंगासाठी संपला. त्याला चाकांच्या बादलीत टाका आणि दुसरा घ्या.