अकराशेचा रॉड, साडेचौदा हजारांचा रॉड आणि एक घुंगरू

नाशिकला आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमधला एक पोरगा अंबडच्या कंपनीत नुकताच कायम झाला. पहिल्या बोनसचं काय करायचं ते त्यानं आधीच ठरवून टाकलेलं. मोबाईलवर मासेमारीचा एक काळाशार, सडपातळ रॉड दाखवत म्हणाला, "काका, साडेचौदा हजार. घेऊ का? व्हिडिओत सगळे ह्याच्यानंच मोठमोठे मासे काढतात." म्हटलं, घे की, पण आधी सांग, तो हातात धरणारेस की बेचक्यावर ठेवणारेस? त्याला प्रश्नच कळला नाही. मग जे बोलणं झालं ते जरा सविस्तर लिहितो, कारण पावसाळा ओसरला की दरवर्षी कोणी ना कोणी हे विचारतंच.

माझ्या घरी तीन रॉड आहेत. पहिला टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक मिटणारा, सात फुटी, फायबरग्लासचा. रील, तंगूस (नायलॉनची दोरी) आणि प्लॅस्टिकचे चार रंगीत मासे यांच्यासकट डब्यात मिळाला, १,१०० रुपयांना. दुसरा दोन तुकड्यांचा, ग्लास आणि कार्बन मिसळून केलेला, ३,८०० चा. तिसरा पूर्ण कार्बनचा, पोरगा दाखवत होता त्याच किमतीचा. चौथी काठी माझी नाही, पण ती सोडून तुलना पुरी व्हायची नाही. धोंडेगावकडे काश्यपी धरणाच्या काठावर एक बाबा वेळूची बारा-तेरा फुटांची काठी घेऊन बसतात. काठीच्या शेंड्याला काठीएवढाच तंगूस, त्यावर थर्माकोलचा तुकडा, गळाला गांडूळ. रील नाही, दोरी ओवायच्या रिंगा नाहीत. माझ्यापेक्षा त्यांच्या पिशवीत मासे जास्त असतात, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

मी सातपूरला क्वालिटीत काम करतो, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही. किचनच्या काट्यावर ठेवले तर रील न लावता ग्लासचा रॉड २२८ ग्रॅम, मिश्र १६४, कार्बनचा ११२. वर प्रत्येकाला अडीचशे ग्रॅमची रील बसते, मग शंभर-सव्वाशे ग्रॅमनं असं काय होतं, असं वाटेल. हातोडा एकदा दांड्याला धरून हलवा आणि एकदा डोक्याशी धरून हलवा. वजन तेच, पण मनगट वेगळं बोलतं. रील मुठीत बसते, तिचा भार जाणवत नाही. शेंड्याकडचे वीस ग्रॅम मात्र सात फुटांवरून हात ओढत असतात.

दुसरी तपासणी बाल्कनीत केली. मूठ ग्रिलला घट्ट बांधली, शेंडा वीतभर खाली ओढला आणि सोडला. अकराशेचा रॉड कितीतरी वेळ डुलत राहिला, बायको आतून विचारायला आली की काय चाललंय. मिश्र चार-पाच झोक्यांत थांबला. कार्बनचा दोन झोक्यांत गप्प. हे नुसतं दिसायला छान नाही. गळ फेकल्यावर शेंडा थरथरत राहिला की बाहेर पळणारी दोरी रिंगांवर आपटत जाते आणि फेक आखूड पडते.

किती आखूड, ते बघायला एका रविवारी भल्या पहाटे ईदगाह मैदानावर गेलो. गळ काढून टाकलेला, टोकाला १५ ग्रॅमचं शिसं, तिन्ही रॉडला आलटून पालटून एकच रील आणि एकच तंगूस. फिरायला आलेले दोघे आजोबा थांबून म्हणाले, इथं पाणी कुठंय? प्रत्येकी दहा फेकींची सरासरी निघाली ती अशी: अकराशेचा ४४ पावलं, अडतीसशेचा ५७, साडेचौदा हजारांचा ६१. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत तेरा पावलांची उडी, आणि पुढच्या दहा हजार सातशे रुपयांना चार पावलं.

मग सहज म्हणून अकराशेच्या रॉडवर दुसरी दोरी चढवली. डब्यातला तंगूस मायक्रोमीटरवर ०.३७ मिलिमीटर जाड भरला होता. तो काढून पातळ विणीची ब्रेडेड दोरी घातली तर तोच रॉड ५५ पावलांवर गेला. सात-आठशे रुपयांच्या दोरीनं अकरा पावलं दिली! महागडा रॉड घेऊन त्यावर तीन वर्षांपूर्वीचा वळ्या पडलेला तंगूस वापरणारे लोक मी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला बघतो, तेव्हा काही बोलत नाही, पण मनात हा आकडा असतो.

यात एक खोच आहे. स्वस्त रॉडच्या रिंगा नुसत्या पत्र्याच्या असतात, आत सिरॅमिक नसतं. ब्रेडेड दोरी त्यांना करवतीसारखी कापते. एका हंगामात माझ्या शेंड्याच्या रिंगेत केसाएवढी खाच पडली. डोळ्यांना दिसलीच नाही, कान साफ करायची कापसाची काडी आतून फिरवली तेव्हा कापूस अडकला. तोवर त्या खाचेनं दोरीचा एक पदर सोलून ठेवला होता आणि वालदेवी धरणावर एक चांगला मासा गळासकट गेला होता. दुकानात रॉड हातात आला की शंभरदा हवेत हलवून बघण्यापेक्षा ही कापसाची काडी प्रत्येक रिंगेतून फिरवा. नव्या महाग रॉडमध्येसुद्धा कधीकधी सिरॅमिकला तडा गेलेला असतो. मग मुठीकडून एक डोळा मिटून बघा, सगळ्या रिंगा एका रेषेत आहेत का. आणि मोजा. सात फुटांच्या रॉडला सात-आठ रिंगा हव्यात. पाचच असल्या की रॉड वाकल्यावर दोरी मधेच काठीला घासते.

आता पोराला विचारलेला प्रश्न.

आपल्याकडे गंगापूर, दारणा, मुकणे, कुठंही जा, बहुतेक जण कटला, रोहू, मृगळ नाहीतर सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्यासाठी बसतात. कणकेचा किंवा पेंडीचा गोळा करायचा, तळाला टाकायचा, काठी बेचक्यावर टेकवायची, दोरीला घुंगरू अडकवायचं आणि थर्मासमधला चहा काढायचा. रॉड अख्ख्या दिवसात सात-आठ वेळा हातात येतो. तो ११२ ग्रॅमचा आहे की २२८ चा, हे बेचक्याला कळत नाही. कार्बनचं सगळ्यात मोठं कौतुक असतं ते त्याच्या हुळहुळेपणाचं, तळाशी खडा लागला की शेवाळ हे बोटांना कळतं म्हणे. खरंच कळतं. पण बोटं चहाच्या कपाला असतील तर ते काम घुंगरूच करतं, आणि ते पाच-दहा रुपयांना मिळतं. अशा बसण्यासाठी मला ग्लासचा रॉड उलट जास्त आवडतो. दोन किलोचा सायप्रिनस एकदम हिसका देऊन पळतो तेव्हा ग्लास सावकाश, खोलवर वाकतो, हिसका पोटात घेतो, गळ ओठातून फाटून निघत नाही. ताठ कार्बनवर त्या क्षणी रीलचा ड्रॅग, म्हणजे ओढ बसली की दोरी सोडणारा ब्रेक, सैल नसेल तर कारभार आटोपला.

मरळीचं गणित वेगळं आहे. ती पाणवनस्पतींच्या कडेला, उथळ पाण्यात असते. तिच्यासाठी रबराचा बेडूक गवतावर टाकायचा, टुकटुक करत ओढायचा, परत टाकायचा. सकाळी सहा ते अकरा एवढ्यात दीडशे-दोनशे फेकी सहज होतात. इथं शेंड्याकडचं वजन नऊ वाजल्यापासून मनगटात उतरायला लागतं. मरळीनं बेडूक गिळला की तिला गवतात शिरू न देता तिथल्या तिथं वर काढावी लागते, लवचीक रॉड नुसता वाकतो आणि ती मुळांत जाऊन बसते. या कामाला कार्बनचे पैसे वसूल होतात. अडतीसशेच्या मिश्र रॉडवरही जमतं, पण अकरापर्यंत खांदा जाणवतो.

वेळूच्या काठीचं विचाराल तर बाबांना फेकायचंच नसतं. चिलापी आणि छोटे मासे काठापासून दहा फुटांवर असतात, त्यांची काठी तिथवर नुसती पोचते. आम्ही साठ पावलं फेकून माशांच्या डोक्यावरून पलीकडे जातो.

मोडण्याबद्दल लोकांचा समज उलटा आहे. महाग म्हणजे मजबूत, असं नसतं. कार्बनच्या तंतूंचं ताठपण जपानी कंपन्या टनांत सांगतात: २४ टन, ३०, ४०. आकडा वाढला की तेच काम कमी मालात होतं, नळी पातळ आणि हलकी होते, आणि ठोका सहन करायची ताकदही कमी होते. महाग रॉड दगडावर पडला, बाईकच्या कॅरिअरला घासला तर वरून काहीच दिसत नाही. आत तंतू दुखावलेला असतो. पंधरा दिवसांनी अर्ध्या किलोच्या माशाला तो काडकन मोडतो आणि आपण कंपनीला शिव्या देतो. ग्लासचा अकराशेचा रॉड माझ्या पुतण्यानं क्रिकेटचा स्टंप म्हणून वापरलाय, तो अजून आहे.

माझा पहिला कार्बनचा रॉड बारा हजारांचा होता, तो मुकणेला मोडला. वाडीवऱ्ह्याच्या बाजूनं उतरलो होतो. दीड किलोचा सायप्रिनस काठाला आणला, हातजाळी गाडीत राहिली होती, म्हणून रॉड थेट उभा करून मासा उचलायला गेलो. रॉड डोक्यावरून मागे गेला की सगळा भार शेंड्याच्या पातळ भागावर येतो. शेंड्याखाली दीड फुटावर तुटला. दुकानदारानं तुकडा हातात घेऊन एकदा बघितला आणि म्हणाला, वॉरंटीत बसत नाही. राग आला, पण चूक माझीच होती. पावणेदोनशेची हातजाळी गाडीतून आणायला दोन मिनिटं लागली असती.

लेबलांनाही फार भुलू नका. '९९ टक्के कार्बन' लिहिलेलं असतं, पण तो कार्बन कसला, राळ कोणती, हे त्यात येत नाही. 'आयएम ७', 'आयएम ८' ही मुळात हेक्सेल या कंपनीच्या तंतूंची नावं, आता कुणीही कशावरही छापतं. ग्लास आणि कार्बनची मिसळ म्हणजे तडजोडीचा माल, असंही नाही. शेक्सपिअर कंपनीनं 'अग्ली स्टिक' १९७६ मध्ये अशाच मिसळीतून आणला आणि त्याचे वारस अजून विकले जातात.

एक गोष्ट पैशांची नाही, पण सांगितलीच पाहिजे. कार्बनमधून वीज वाहते. गंगावऱ्ह्याकडे बॅकवॉटरच्या कडेनं शेतकऱ्यांच्या मोटारींसाठी तारा गेल्यात, काही ठिकाणी बऱ्यापैकी खाली लोंबतात. तिथं जोडलेला रॉड खांद्यावर उभा धरून चालू नका. आणि मे महिन्यात दुपारी वळवाचे ढग जमले, गडगडायला लागलं, की रॉड आडवा ठेवून गाडीत बसा. ओला ग्लासचा रॉडसुद्धा अशा वेळी भरवशाचा नाही.

पोराकडे सगळे मिळून पंधरा हजार होते. त्याला म्हटलं, रॉड चार हजारांच्या आत. दोन तुकड्यांचा, सात फुटी, १० ते ३० ग्रॅम वजन फेकायचा, म्हणजे बेचक्यावरही चालेल आणि हातातही. टेलिस्कोपिक स्कूटरच्या डिकीत बसतो हे खरं, पण सांध्यात वाळू गेली की दोन हंगामांत एकतर अडकतो नाहीतर आपोआप मिटायला लागतो. रीलवर मात्र कंजुषी नको. साडेतीन-चार हजार घाल, आणि घेताना दुकानातच दोरी ओढून बघ, ड्रॅग झटके न देता एकसारखा सुटतो का. घरी तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांशावर लाव, भाजीवाल्याचा ताणकाटा मिळाला तर उत्तम. हजाराची दोरी, चांगल्या धारेचे गळ, हातजाळी. उरलेले ठेव. धरणांवर मच्छिमार सोसायट्यांचे ठेके असतात, काठावर त्यांच्या माणसाला विचारून, पैसे भरूनच बसायचं. नांदूर मध्यमेश्वर पक्ष्यांचं अभयारण्य आहे, तिथं रॉड काढायचाच नाही. आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर येतात तेव्हा घरी बसायचं, हा माझा नियम, पटला तर बघ.

सहा महिने गेल्यावर मरळीचा नाद लागला आणि मनगट दुखायला लागलं, तर माझा कार्बनचा एक रविवार घेऊन जा, मग साडेचौदा हजारांचं ठरव. तोंड जरा पाडलंच त्यानं. व्हिडिओतला काळाशार रॉड डोळ्यांसमोरून जात नव्हता.

परवा संध्याकाळी तो बेल वाजवून आला, हातात कापडी पिशवीत दोन तुकडे. छत्तीसशेचा. कापसाच्या काडीनं रिंगा तपासल्या का विचारलं, तर म्हणाला, दोनदा, दुकानदार बघतच राहिला. रविवारी पहाटे पाचला काश्यपीला निघायचंय. बेचकं तो तोडून आणणार आहे, घुंगरू मी.