डंडीत हातात एकच दुपार असेल तर मॅकमॅनस बघावं की व्हर्डंट वर्क्स?

एडिनबरापर्यंत आलेले आपले बरेच लोक एक दिवस स्कॉटलंडमधल्याच डंडीला जाऊन येतात. ट्रेनने सव्वा-दीड तास, आणि बहुतेकांचं ठरलेलं असतं की नदीकाठचं व्ही अँड ए हे डिझाइनचं म्युझियम बघायचं, डिस्कव्हरी जहाज बघायचं आणि परत. ते दोन्ही छानच आहे, त्याबद्दल वेगळं लिहायची गरज नाही. पण त्यानंतर दुपार उरते आणि शहराचा स्वतःचा इतिहास बघायचा असतो तेव्हा प्रश्न येतो, मॅकमॅनस हे शहराचं म्युझियम की व्हर्डंट वर्क्स हे जुन्या ताग-गिरणीतलं म्युझियम? मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते तेव्हा मी दोन्हीकडे गेलो त्यांना घेऊन, म्हणून लिहितोय. माझं मत आमच्या घरापुरतं आहे हे आधीच सांगतो, तुमचं वेगळं होऊ शकतं.

मॅकमॅनस स्टेशनपासून आरामात दहा मिनिटांवर, फ्री, आणि इमारतच अशी की आत नाही गेलात तरी भोवती एक फेरी मारावी. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाचं काम, १८६७ मध्ये उघडली, प्रिन्स अल्बर्टच्या आठवणीसाठी बांधलेली, बाहेरून वर चढणारा वळणदार दगडी जिना. वरच्या मजल्यावर चित्रांचं दालन आहे, लाल भिंतींवर चित्रं एकावर एक दाटीने लावलेली, चित्रांची आवड असेल तर तिथेच तास जाईल. मला स्वतःला सगळ्यात आवडला तो टे व्हेलचा, म्हणजे इथल्या टे नदीत आलेल्या देवमाशाचा सांगाडा. १८८३ च्या डिसेंबरात हा हंपबॅक देवमासा आपण होऊन नदीच्या मुखात शिरला, आणि शिरला कुठे तर जिथून देवमाशांच्या शिकारीची जहाजं सुटायची त्याच गावात! वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याला भाले लागले, रात्रभर त्याने बोटी ओढत नेल्या, दोर तुटला आणि तो सुटला, आणि आठवडाभराने स्टोनहेवनच्या बाजूला मेलेला तरंगताना सापडला. मग एका तेलाच्या व्यापाऱ्याने तो विकत घेऊन लोकांना दाखवत फिरवला. सांगाड्याखाली उभं राहून ही गोष्ट सांगितली की लहान मुलंसुद्धा गप्प होतात.

मॅकमॅनसच्या बाजूने अजून एक मुद्दा म्हणजे आजूबाजूचा परिसर. समोर कवी रॉबर्ट बर्न्सचा पुतळा, शेजारी बीनो कॉमिक छापणाऱ्या डीसी थॉमसनची लाल दगडाची इमारत, हाय स्ट्रीटवर डेस्परेट डॅन या कॉमिकमधल्या पात्राचा पुतळा ज्याच्याबरोबर प्रत्येकजण फोटो काढतो. आणि रस्ता ओलांडला की हाउफ. हे जुनं दफनस्थान आहे, १५६४ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीने फ्रान्सिस्कन मठाची जागा गावाला दिली ती. शहरातल्या नऊ कारागीर-संघांच्या बैठका १७७६ पर्यंत इथेच, थडग्यांच्या मध्ये व्हायच्या, आणि हाउफ म्हणजे जमायची जागाच. दगडांवर धंद्याच्या खुणा कोरलेल्या आहेत, लोहारांचा हातोडा आणि वर मुकुट, शिंप्याची कात्री. बाबा दगड-दगड वाकून विणकऱ्याचा धोटा शोधत होते, पाऊस आला म्हणून निघावं लागलं. अर्धा तास हाउफसाठी ठेवाच.

आता माझी अडचण सांगतो, कारण माझ्यासाठी निकाल तिथेच लागला. म्युझियमचा यात काही दोष नाही, कुठल्याही चांगल्या म्युझियममध्ये हेच होईल. मॅकमॅनसमध्ये जे आहे ते काचेमागे आहे आणि गोष्ट पाटीवर लिहिलेली आहे. आई-बाबांचं इंग्रजी बेताचं. म्हणजे प्रत्येक पाटी मी वाचणार, मनात मराठी करणार, सांगणार, तोवर आई दोन कपाटं पुढे गेलेली, मग तिला परत बोलवा, परत तेच सांगा. आणि बाबांना ऐकू कमी येतं. लालबागच्या गिरणीत चौदा वर्षं साचेखात्यात, म्हणजे मागांवर काढली, ८२ च्या संपात नोकरी गेली, कान त्याच्या आधीच गेले होते. शांत दालनात, जिथे लोक कुजबुजतात, तिथे मी बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात टे नदीवरच्या रेल्वेपुलाची दुर्घटना सांगत होतो आणि माना वळत होत्या. कोणी काही बोललं नाही, पण बाबांना ते समजलं. तिसऱ्या दालनापासून ते नुसती मान हलवायला लागले, ऐकू न येता. मला ते फार लागलं. नंतर बाकावर बसून राहिले, म्हणाले तुम्ही बघून या.

ज्यांच्याबरोबर वयस्कर मंडळी आहेत त्यांना हे लगेच कळेल. सगळे भराभर इंग्रजी वाचणारे असाल तर हा मुद्दा तुमच्यासाठी नाहीच, मग मॅकमॅनस बिनधास्त बघा.

व्हर्डंट वर्क्स तिथून पश्चिमेला, चालत पंधरा मिनिटं, थोडा चढ आहे. तिकीट आहे, डिस्कव्हरी जहाजाबरोबरचं जोडतिकीट मिळतं, जहाज बघणारच असाल तर तेच घ्या. वेळा मात्र आधी बघून जा, हिवाळ्यात रोज उघडं नसतं. परिसर म्हणाल तर हाउफसारखं काही नाही, जुन्या गिरण्यांच्या दगडी भिंती, काहींचे आता फ्लॅट झालेत, दुकानं तुरळक. आईला चहा हवा होता तो आतच प्यायलो.

१८३३ ची गिरणी आहे ही, आधी जवसाच्या धाग्याची, मग तागाची. १८५० च्या दशकात क्रिमियाच्या युद्धाने रशियाचा जवस अडला आणि ताग फोफावला. ताग बंगालचा. कोरडा ताग यंत्रावर तुटायचा, म्हणून तो देवमाशाच्या तेलाने आणि पाण्याने मऊ करायचे. हे तिथे कळल्यावर मला मॅकमॅनसमधला सांगाडा परत आठवला, एकाच गोष्टीची दोन टोकं दोन म्युझियममध्ये आहेत. आणि १८५५ पासून हुगळीकाठी गिरण्या सुरू झाल्या, यंत्रं इथली, मुकादम इथले, आणि शेवटी त्याच गिरण्यांनी डंडीला मागे टाकलं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा वास येतो. आई दारातच म्हणाली, "अरे, हा तर बारदानाचा वास, वाण्याच्या दुकानातला." तिला भाषांतर लागलं नाही.

मग यंत्रं. जुनी खरी यंत्रं आहेत आणि तिथली माणसं ती चालवून दाखवतात. आम्ही गेलो तेव्हा एक पोक्त बाई दाखवत होत्या. ताग विंचरण्यापासून सूत काढेपर्यंत, आणि मग साचा. साचा सुरू झाला तसं बोलणं बंदच पडलं, कोणालाच काही ऐकू येईना, आणि बाबा एकदम मोकळे झाले. ते माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागले, ओठ मोठे हलवून, हाताने, जसे गिरणीत बोलायचे. दोन बोटं फिरवली म्हणजे कांडी संपत आली, तळहात आडवा म्हणजे धागा तुटला. मी हे लहानपणी ऐकलं होतं पण बघितलं पहिल्यांदा. त्या बाईंनी ते बघितलं, साचा थांबवला आणि मला विचारलं की हे गिरणीत होते का. मग म्हणाल्या की इथल्या बायकाही अशाच बोलायच्या, हाताने आणि ओठाने. बाबांना जवळ बोलावून धोटा दाखवला. बाबा खालून वाकून बघत होते, म्हणाले आमचा साचा यापेक्षा जोरात पळायचा, पण सुताचा होता, हा जाड आहे.

आईचा प्रश्न वेगळा होता, "साच्यावर बायका?" आमच्याकडे बायका रिळाच्या, कांडीच्या खात्यात, साच्यावर पुरुष. डंडीत उलट होतं. बायकांना मजुरी कमी द्यावी लागायची म्हणून गिरण्या बायकांनी भरलेल्या, मुलगा अठराचा झाला की पुरुषाची मजुरी द्यायला नको म्हणून त्याला काढून टाकायचे, आणि घरी बसलेल्या पुरुषांना किटली उकळणारे म्हणायचे. आई त्यावर बराच वेळ बोलत होती, जेवतानाही.

हाय मिल नावाच्या मोठ्या भागात १८०१ चं बोल्टन-वॉटचं वाफेचं इंजिन आहे, उंच छत, लोखंडी खांब. तिथे पाट्या आहेत आणि भरपूर आहेत, त्या मी वाचल्या नाहीत सगळ्या. वाचणाऱ्याला कदाचित व्हर्डंट लहान वाटेल, एकच विषय आहे, दीड-दोन तासात संपतं. चित्रं, प्राणी, शहराच्या आधीचा काळ असं सगळं हवं असेल तर ते मॅकमॅनसमध्येच, आणि पैसेही लागत नाहीत. चार जणांच्या कुटुंबाला तो फरक छोटा नाही. लहान मुलांना मॅकमॅनसच जास्त आवडेल असं मला वाटतं.

तरी कोणी घरातलं कधी गिरणीत, मागावर, सूतगिरणीत होतं, सोलापूर असो, इचलकरंजी असो, मुंबई असो, तर मी व्हर्डंट म्हणेन. यंत्रं कधी चालवणार ते दारातच विचारून घ्या आणि त्या वेळेला साच्यापाशी पोचा, बाकीचं नंतर बघता येतं. मॅकमॅनसला मग जाता-येता पाऊण तास द्या, फक्त देवमासा आणि हाउफ.

आणि एडिनबराहून ट्रेनने येताना टे पुलावर उजव्या खिडकीशी बसा. आत्ताचा पूल १८८७ चा. त्याच्या बाजूला पाण्यात जुन्या पुलाचे दगडी बुंधे अजून दिसतात, २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात गाडीसकट कोसळला तो पूल, गाडीतलं कोणीच वाचलं नाही. मॅकमॅनसमध्ये जे मला नीट सांगता आलं नव्हतं ते परतताना बाबांना त्या बुंध्यांकडे बोट दाखवून सांगितलं, डब्यात गडबड होती, मोठ्याने बोललो, त्यांना सगळं ऐकू गेलं.