माइनक्राफ्ट एज्युकेशन: शाळेने उघडलेले आभासी जग

माइनक्राफ्ट या संगणकावरील खेळाची शाळांसाठीची ही आवृत्ती मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणली. मूळ खेळातले ठोकळे रचून जग उभारणे येथेही आहेच, परंतु तिची खरी गुणवत्ता रसायनशास्त्राच्या भागात दिसते. प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांची संख्या बदलत मुले मूलद्रव्य स्वतः घडवतात. तिन्ही प्रत्येकी दोन घेतल्यावर हेलियम हाती येतो आणि त्याच हेलियमचा उपयोग करून फुगा तयार होतो. अणुक्रमांक पाठ करण्यापेक्षा हे शिकणे फार वेगळे आणि माझ्या मते अधिक टिकाऊ आहे. कोडिंगसाठी सूचनांचे ठोकळे जोडण्याची भाषा आणि पायथन ही लिहून वापरायची संगणकभाषा असे दोन्ही पर्याय मिळतात.

गोपनीयतेच्या बाबतीत या आवृत्तीवर मी पुष्कळ विश्वास ठेवतो. येथे सार्वजनिक सर्व्हर, म्हणजे कोणीही येऊन खेळू शकेल अशी सामायिक जगे, नाहीत, प्रवेश शाळेने दिलेल्या खात्यावरून होतो आणि शाळेच्या व्यवस्थापकाने मुद्दाम मुभा दिल्याशिवाय बाहेरचे कोणी आत येऊ शकत नाही. मात्र अनोळखी माणूस दूर राहिला म्हणून मुलाचा खाजगीपणा आपोआप जपला जातो असे नाही. टोपणनावाऐवजी शाळेच्या खात्यावरचे नाव सर्वांना दिसते, त्यामुळे चुकण्याची धास्ती असलेले मूल वर्गात जसे मागे राहते तसे येथेही राहू शकते. शिक्षकाला चॅट बंद करता येते. ही सोय शिस्तीसाठी आवश्यक असली तरी सरसकट वापरली, तर एकत्र बांधकाम करताना होणारी चर्चाच थांबते. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते आणि पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अपेक्षा आहे. म्हणून खाते उघडण्यापूर्वीच शाळेने पालकांना कोणती माहिती जाणार आहे हे मराठीतून समजावून सांगावे.

सहभागाची मोठी अडचण तांत्रिक आहे. जग सतत चालू ठेवणारा स्वतंत्र संगणक, म्हणजे सर्व्हर, नसेल तर जग ज्याच्या संगणकावर उघडले तो बाहेर पडताच बाकीच्यांचेही काम थांबते. शिवाय प्रत्येकाला वेगळे यंत्र हवे, आणि ते आपल्या अनेक शाळांत नाही. एका यंत्रावर दोघे बसवावे लागले तर माउस कोणाच्या हाती किती वेळ राहील हे शिक्षकाने आधीच ठरवावे.

मूळ माइनक्राफ्टचा वापर करून केनियातील नैरोबी शहराच्या किबेरा वस्तीतल्या रहिवाशांनी संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक कार्यक्रमाबरोबर आपल्या मैदानाचा आराखडा मांडला होता. आपल्या मुलांनाही शाळेचे पटांगण असे मांडू द्यावे. संगणक कक्ष आणि वेळ देणारा शिक्षक असलेल्या शाळांनी ही आवृत्ती जरूर घ्यावी.