हामामात्सु आर११४१०-२१: झेनॉनसाठी उत्तम नळी, पण थंडीत पारखूनच घ्या

कृष्णद्रव्य (विश्वातलं न दिसणारं द्रव्य, डार्क मॅटर) शोधणाऱ्या द्रव झेनॉनच्या टाकीत प्रकाश निघतो तो सुमारे १७५ नॅनोमीटरचा, अतिनील. साधी काच तो पार गिळून टाकते. म्हणून हामामात्सु आर११४१०-२१ या ३ इंची फोटोमल्टिप्लायरची (अगदी मंद प्रकाशाचं विद्युत स्पंदात रूपांतर करणाऱ्या निर्वात नळीची) खिडकी क्वार्ट्झची आहे, आणि त्या तरंगलांबीला कॅथोडची क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे आलेल्या फोटॉनांपैकी किती इलेक्ट्रॉन सोडवतात ते प्रमाण, ३५ टक्क्यांच्या आसपास मिळते. इटलीत ग्रान सास्सोच्या डोंगराखाली झेनॉन-१टी प्रयोगात अशा २४८ नळ्या होत्या, नंतरच्या झेनॉन-एनटीत ४९४.

या नळीचं खरं मोल तिच्या धातूत आहे. अशा नळ्यांना एरवी कोव्हार हा मिश्रधातू वापरतात. त्यात कोबाल्ट असतो आणि त्यासोबत किरणोत्सारी कोबाल्ट-६० येतो. इथे नळीच्या अंगासाठी कोबाल्टविरहित मिश्रधातू घेतला आहे. उरलेल्या किरणोत्सारात मागच्या सिरॅमिक स्टेमचा (नळीच्या बुडाचा) वाटा मोठा, त्यामुळे प्रत्येक बॅचचे नमुने जर्मेनियम डिटेक्टरवर (गॅमा किरण मोजणाऱ्या यंत्रावर) मोजूनच पुढे जावं.

१५०० व्होल्टला गेन, म्हणजे कॅथोडवरून सुटलेल्या एका इलेक्ट्रॉनाचे (फोटोइलेक्ट्रॉनाचे) नळीत होणारे गुणन, सुमारे ५० लाख. म्हणजे एका फोटोइलेक्ट्रॉनमागे ०.८ पिकोकूलॉम विद्युतभार. ५० ओहमवर काही मिलिव्होल्टचा स्पंद दिसतो, दहापट अ‍ॅम्प्लिफायर लावला की तो नॉइजमधून स्वच्छ वर येतो. गेन हवा म्हणून व्होल्टेज चढवत नेऊ नका. काही नळ्या जास्त व्होल्टेजला आतूनच मंद उजेड सोडतात आणि शेजारच्या नळ्यांनाही तो दिसतो.

कच्चा दुवा निर्वाताचा. उणे १०० अंशांपर्यंत थंड करून पुन्हा गरम करण्याच्या फेऱ्यांत एखाद्या नळीला बारीक गळती लागते, आणि खोलीच्या तापमानाला ती कळतही नाही. म्हणून बसवण्याआधी थंड नायट्रोजन वायूत किमान दोन फेऱ्या द्या, आधी आणि नंतर एलईडी लावून आफ्टरपल्स (मुख्य स्पंदामागून येणारे छोटे स्पंद) मोजा. मुख्य स्पंदानंतर ठरावीक वेळेला नवा उंचवटा दिसला, तर आत वायू शिरला आहे. उंचवटा किती उशिरा येतो त्यावरून वायूही ओळखता येतो: हलका आयन आधी, झेनॉनचा बराच मागून. अशी नळी सरळ बाजूला काढावी. डार्क काउंट (अंधारातही नळी सेकंदाला देते ते स्पंद) थंडीत दोन आकडी हर्ट्झवर यायला हवा; मात्र त्याआधी नळी उजेडात राहिली असेल तर बरेच तास अंधारात ठेवूनच आकडा धरा.

बसवताना आणखी एक गोष्ट सांभाळा. ऋण उच्च व्होल्टेज दिलं की नळीचं सगळं अंग कॅथोडच्या व्होल्टेजवर असतं. तांब्याच्या पट्टीला ते टेकता कामा नये, मध्ये पीटीएफई (टेफ्लॉन) हवंच. हे पीटीएफई झेनॉनच्या तापमानाला एक टक्क्याहून जास्त आकसतं. खोबणी गरम खोलीत घट्ट बसवली की थंडीत ती नळीला आवळते.

आणि हीलियम. क्वार्ट्झमधून तो हळूहळू आत झिरपतो. टाकीची हीलियमने गळती-तपासणी करायची असेल तर ती नळ्या बसवण्याआधीच उरका.