मेंदूला सूज असल्याची शंका: एमआरआय, मणक्यातलं पाणी, सीटी की थेट औषध?

आमचा चिकू, पाच वर्षांचा पग, एका सकाळी डायनिंग टेबलाभोवती डावीकडेच गोल फिरत राहिला. वाटीतला डाव्या बाजूचा दहीभात चाटूनपुसून खाल्ला, उजवीकडचा तसाच. वाटी फिरवून ठेवली तर तोही संपवला. उजवी बाजू त्याला जाणवतच नव्हती.

तुमच्यावर ही वेळ आली असेल, तर सीटीवर पैसे घालू नका. रक्तस्राव, कवटीची इजा, मोठी गाठ त्यात कळते. सूज बरेचदा निसटते.

एमआरआयमध्ये सूज कुठे आहे, किती पसरली आहे, मेंदूवर दाब आहे का, हे दिसतं. ती जंतूंमुळे आहे की शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे (पगमध्ये हे बरंच आढळतं), हे मात्र नुसत्या चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी मणक्यातलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, लागतं. निरोगी कुत्र्याच्या पाण्यात मायक्रोलिटरमागे 5 पेक्षा कमी पेशी असतात. सुजेत त्या वाढतात. डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार), टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी) यांची तपासणीही त्याच नमुन्यावर होते. पण या पेशी फार नाजूक, तासाभरात फुटू लागतात. संध्याकाळी घोडबंदर रोडला अडकलेल्या बाइकवरून नमुना लॅबला जाणार असेल, तर आकडा काय खरा येणार? पेशी तिथल्या तिथे मोजता का, हे फोनवरच विचारा.

क्रम मात्र उलटा करू देऊ नका. मेंदूवर दाब असताना पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून जिवावर बेतू शकतं. आधी एमआरआय, दाब नसेल तर त्याच भुलीत पाणी. चपट्या नाकाच्या कुत्र्याला दोनदा भूल द्यायला माझं मन धजावत नाही.

एवढं करूनही काहींचे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल येतात. पक्कं निदान मेंदूचा तुकडा तपासूनच होतं, आणि जिवंतपणी ते क्वचितच करतात.

दोन्ही परवडत नसेल तर डिस्टेंपर, टॉक्सोप्लाझ्मा, गोचीडताप यांच्या तपासण्या करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन (सूज दाबणारं स्टिरॉइड) देऊन पाहणं हाही रास्त मार्ग आहे. संसर्ग असेल तर तेच औषध घात करतं, म्हणून तपासण्या आधी. चिकूला पहिल्या दवाखान्यात लगेच स्टिरॉइड दिलं गेलं. नंतर पाण्यात पेशी 4 निघाल्या. सूज नव्हती की औषधाने दबली, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. स्टिरॉइडची सुई टोचण्याआधी विचारा, "पाणी काढायचंय का?" झटके थांबतच नसतील तर मात्र तपासणीसाठी थांबू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.